रिंगणातले चेहरे

वसईच्या एका धर्मगुरूचा आणि अमेरिकेतील रोडिओचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आल्यास नवल नाही. तो संबंध केवळ योगायोगाने जुळला. २०२३ सालचे मे व जून हे दोन महिने टेक्सास राज्यातील एका लहान धर्मग्रामाची सेवा आमच्याकडे आली होती. तेथील धर्मगुरू सुटीवर गेले होते. त्यांच्या जागी मिस्सा, प्रायश्चित्त संस्कार, आजाऱ्यांच्या भेटी एवढे नित्याचे काम आम्ही पाहावे, अशी योजना होती. ह्यूस्टन आणि ब्यूमाँट या दोन शहरांच्या मधला हा प्रदेश. जमीन सपाट, कुरणांची आणि भातशेतीची. पाणी भरलेली खाचरे पाहून पहिल्याच दिवशी आम्हांला घरची आठवण झाली. धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे कृष्णवर्णीय क्रिओल, म्हणजे शेजारच्या लुइझियाना राज्यातून काही पिढ्यांपूर्वी आलेली, फ्रेंच आडनावांची आणि जुन्या कॅथलिक श्रद्धेची. वेदीच्या डाव्या हाताला संत मार्टिन दी पोरस यांचा पुतळा होता. चर्चच्या आवारात उभ्या राहणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या मागे घोडे वाहून नेण्याचे ट्रेलर जोडलेले असत.

दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी एका बाप्तिस्म्याच्या वेळी आमच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला. सेमिनरीत असल्यापासून आम्हांला हा छंद आहे. वरिष्ठांनी तो कधी कौतुकाने तर कधी कपाळाला आठ्या घालून चालवून घेतला. मिस्सा आटोपल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "फादर, येत्या शनिवारी रिंगणावर या. कॅमेरा घेऊन या." त्यांचे नाव येथे छापण्याची परवानगी आम्ही मागितलेली नाही, म्हणून या लेखापुरते आपण त्यांना आजोबा म्हणू.

रोडिओ हा मूळचा स्पॅनिश शब्द. रानात पांगलेली गुरे घेरून एकत्र आणणे हा त्याचा अर्थ. पुढे गुराख्यांच्या रोजच्या कामातल्या कसबाचाच खेळ झाला आणि त्या खेळाला हे नाव पडले. उधळणाऱ्या वळूच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकून राहायचे. धावत्या वासराला घोड्यावरून फासा टाकून त्याचे तीन पाय बांधायचे. दौडत्या घोड्यावरून झेप घेऊन बैलाला शिंगांशी धरून लोळवायचे. तीन पिंपांभोवती घोडा वळवीत कमीत कमी वेळात परतायचे. ही शेवटची शर्यत बहुधा स्त्रिया आणि मुली खेळतात. वासराला फासा पडून ते मागे हिसडले जाते तो क्षण आम्हांला आवडला नाही. त्याचे छायाचित्र आम्ही काढलेही नाही. गुरांवर ज्यांच्या पिढ्या जगल्या त्यांना शिकविण्यास आम्ही गेलो नव्हतो. पण आवडले नाही हे लिहून ठेवतो.

आमच्या पिढीने काउबॉय पाहिला तो सिनेमाच्या पडद्यावर. तो गोरा, निळ्या डोळ्यांचा, मितभाषी आणि नेमबाज असे. तो कधी काळा असू शकतो ही कल्पनाही आमच्या बालमनास शिवली नव्हती, आणि त्यात आमचा दोष नव्हता; पडद्यावर तो दाखविलाच जात नव्हता. इतिहासकारांचा अंदाज मात्र असा की, अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत टेक्सासची गुरे उत्तरेस कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत हाकीत नेणाऱ्या गुराख्यांपैकी दर चारांत एक कृष्णवर्णीय होता. याचे कारणही उघड आहे. टेक्सासमध्ये गुरे राखण्याचे काम गुलाम करीत. १८६१ ते १८६५ या युद्धकाळात मालक आणि त्यांचे मुलगे लढाईवर गेले, तेव्हा अनेक ठिकाणी कळपांची सारी जोखीम गुलामांवरच पडली. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हस्टन बंदरात सेनापती ग्रेंजर यांनी मुक्तीचा आदेश जाहीर केला. वास्तविक लिंकन यांची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आली होती. टेक्सासमधील सुमारे अडीच लाख गुलामांपर्यंत ती पोहोचण्यास अडीच वर्षे लागली. त्या दिवसाला जूनटीन्थ म्हणतात. टेक्सासने १९८० पासून त्या दिवशी राज्याची सुटी ठेवली आणि २०२१ साली ती साऱ्या देशाची सुटी झाली. मुक्त झालेल्या माणसाजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता. घोडा आणि फासा यांचे ज्ञान मात्र होते. ते विकून तो जगला.

आजोबांच्या मते 'काउबॉय' या शब्दातील 'बॉय' सुद्धा गुलामीतून आला आहे. मालक प्रौढ काळ्या माणसालाही 'पोरा' म्हणूनच हाक मारीत. गोऱ्या गुराख्याला मात्र मानाने 'काउहँड' म्हणत. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकणारी नाही; इंग्रजीतील हा शब्द त्याहून जुना आहे. पण ती त्या घराघरांतून इतक्या ठामपणे सांगितली जाते की, केवळ कोश उघडून ती खोडणे आम्हांला योग्य वाटले नाही. 'पोरा' ही हाक त्यांनी ऐकलेली होती.

त्या जूनटीन्थच्या आधीच्या शनिवारी आम्ही रिंगणावर गेलो. दिवसा उन्हाचा ताप इतका की खेळ सायंकाळीच सुरू होतात. लोखंडी नळ्यांचे कुंपण, आत भुसभुशीत माती, एका अंगाला लाकडी फळ्यांच्या बैठका, दुसऱ्या अंगाला वळू कोंडण्याचे अरुंद कप्पे. मांस भाजण्याच्या भट्ट्यांचा धूर, बुदँ नावाच्या भात भरलेल्या सॉसेजचा वास, ध्वनिक्षेपकावर झायडेको संगीत. हे झायडेकोही मूळचे या क्रिओल लोकांचेच. ह्यूस्टनमधील कृष्णवर्णीय कॅथलिक धर्मग्रामांच्या सभागृहांत एके काळी त्याच्या नाचरात्री भरत आणि त्यातून चर्चच्या खर्चाला हातभार लागे. आपल्याकडील चर्चच्या फेस्ताची आठवण व्हावी असे ते वातावरण होते; फक्त बैठकांच्या मागे दोरीला बांधलेले पन्नास-साठ घोडे होते एवढाच फरक.

प्रारंभी स्वारांची मिरवणूक निघाली. हाती देशाचा आणि राज्याचा झेंडा, आणि एका तरुणीच्या हाती लाल, काळा व हिरवा असा तिरंगी झेंडा. या मिरवणुकीत आजोबाही होते, ऐंशी उलटलेले, खोगिरावर काठीसारखे ताठ. मग जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी १९०० साली रचलेले आणि कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत म्हणून ओळखले जाणारे गीत गायिले गेले, आणि एका बाप्टिस्ट पाळकाने प्रार्थना सांगितली. सर्वांनी टोप्या उतरवून छातीशी धरल्या. तोवर टोप्यांच्या रुंद काठांच्या सावलीत बुडालेले ते सारे चेहरे एकाएकी मावळतीच्या उन्हात उजळून निघाले. असा प्रकाश छायाचित्रकाराला वर्षातून एखाद्या वेळी लाभतो. आम्ही कॅमेरा खाली धरून मान लवविली. आमच्यातील छायाचित्रकाराने त्या पाळकाची प्रार्थना थोडी लांबावी आणि 'आमेन' नंतरही टोप्या जरा उशिरा डोक्यावर चढाव्यात, अशी एक आगंतुक याचना मात्र केली. ती ऐकली गेली नाही.

हे चेहरे टिपणे सोपे नाही, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगावे लागेल. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या साऱ्या दृश्याचा एक करडा सरासरी रंग धरून चालतो. दृश्यात पांढरे पुष्कळ असले तर तो उजेड कमी करतो. आपल्याकडे प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात पांढऱ्याशुभ्र झग्यातल्या मुली चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहतात, त्यांची जुनी छायाचित्रे घरोघरच्या अल्बममध्ये पाहावीत. झग्याची नक्षी टाक्याटाक्याने मोजता येते आणि चेहरा मात्र सावळ्याचा काळा झालेला असतो. म्हणून आम्ही उजेड चेहऱ्यावर मोजतो, आणि आकाश पांढरे पडले तर पडू देतो. रिंगणातही तेच केले. पांढरा इस्त्रीचा सदरा, काळी टोपी, काळा घोडा आणि सावलीतला तपकिरी चेहरा एका चौकटीत आले की, कोणाला झुकते माप द्यायचे हे यंत्रावर न सोपविता माणसानेच ठरवावे लागते.

यंत्रही निःपक्षपाती नसते. पूर्वी रंगीत छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुनाचित्र पाठवीत असे. त्यावर गोऱ्या तरुणीचा चेहरा असे. पहिल्या तरुणीचे नाव शर्ली, म्हणून त्याला शर्ली कार्ड म्हणू लागले. तिची कांती बरोबर उमटली की सारे बरोबर. गडद कांतीचे बारकावे त्या फिल्मवर नीट उतरत नसत. ही उणीव दूर करण्याची निकड भासली ती लाकडी सामान आणि चॉकलेट बनविणाऱ्या कंपन्यांनी तक्रारी केल्या तेव्हा. त्यांच्या जाहिरातीत शिसवी आणि सागवान एकसारखेच दिसत होते. पुढे सुधारलेली फिल्म आली, तिचे कौतुक मंद उजेडातील काळ्या घोड्याचाही तपशील टिपणारी फिल्म अशा शब्दांत झाले. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे असलेली नमुनाचित्रे १९९० च्या दशकात प्रचारात आली. आता डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच उरली नाही. तरी चॉकलेट, मग घोडा आणि सर्वांत शेवटी माणूस, हा क्रम आमच्या मनातून जात नाही.

खेळ रंगात आला. वळूवरील आठ सेकंद बाहेरून क्षणभर वाटतात. पण कठड्याशी गुडघे टेकून नेत्रिकेतून पाहताना ती सरता सरत नाहीत. स्वाराचा एक हात दोरात, दुसरा मोकळा हात हवेत. मोकळा हात वळूला किंवा स्वतःला लागला की तो बाद. तो मोकळा हातच छायाचित्राचा प्राण असतो, असे आमचे मत झाले. पुढे चार चार स्वारांच्या संघांची दौड झाली. हातातील कांडी एकाने दुसऱ्याकडे द्यायची आणि घोडे मात्र भरधाव. ओक्लाहोमा राज्यातील कृष्णवर्णीय रोडिओंचे हे खास वैशिष्ट्य. त्या राज्यातील ओकमल्गी गावचा रोडिओ १९५६ पासून चालत आला आहे. घोड्याच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत, शटर मुद्दाम सावकाश ठेवून आम्ही ती दौड टिपली. मागचे कुंपण पुसले गेले आणि स्वाराचा चेहरा तेवढा लख्ख राहिला.

पिंपांच्या शर्यतीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी तांबूस घोडीवर आली. तिच्या वेण्यांत पांढरे मणी ओवलेले होते. दुसऱ्या पिंपाभोवती घोडी इतकी कलली की मुलीचा पाय मातीला लागतोसे वाटले, आणि त्याच वेळी ते सारे मणी तिच्या डोक्याभोवती हवेत उभे राहिले. ते छायाचित्र आम्हांला साधले. त्या सायंकाळी काढलेल्या सातशेहून अधिक चित्रांत ते सर्वोत्तम, हे सांगण्यास संकोच वाटत नाही. तिच्या आईने आमच्या वहीत पत्ता लिहून दिला. मुलीने वही ओढून घेतली आणि स्वतःच्या नावापुढे घोडीचेही नाव लिहिले.

बैल लोळविण्याच्या खेळाच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून बिल पिकेट यांचे नाव पुकारले गेले आणि लोकांनी उभे राहून टाळ्या दिल्या. हा खेळ रूढ केला तो त्यांनी. १८७० साली टेक्सासमध्ये जन्मलेल्या पिकेट यांचे आईवडील पूर्वी गुलाम होते. राखणीची कुत्री दांडग्या गुरांना वरच्या ओठाला चावा घेऊन जागच्या जागी आवरतात, हे त्यांनी लहानपणी पाहिले आणि तीच युक्ती स्वतः केली. धावत्या घोड्यावरून उतरून ते बैलाची शिंगे धरीत, मान मुरगाळीत आणि दातांनी त्याचा ओठ पकडीत. आजचे स्वार ओठ सोडून बाकीचे करतात. १९३२ साली घोड्याची लाथ डोक्यास लागून त्यांचा अंत झाला. राष्ट्रीय रोडिओ दालनात त्यांचे नाव १९७१ साली गेले. तो मान मिळणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

पिकेट यांच्याविषयीची याहून विलक्षण हकीकत एका टपाल तिकिटाची आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९४ साठी पश्चिमेकडील नामवंतांची वीस तिकिटांची मालिका छापली आणि त्यांत पिकेट यांना स्थान दिले. तिकिटे छापून तयार झाली, थोडी विकलीही गेली, आणि मग पिकेट यांच्या वंशजांनी सांगितले की, हा चेहरा त्यांचा नव्हे, त्यांचे बंधू बेन यांचा आहे. ज्या जुन्या छायाचित्रावरून तिकीट काढले, त्याखाली नावच चुकीचे लिहिलेले होते. खात्याने लक्षावधी पत्रके मागे घेतली आणि नवी छापली. चुकीच्या तिकिटांची दीड लाख पत्रके पुढे सोडत काढून संग्राहकांना विकली गेली, आणि ती आजही हौसेने बाळगली जातात. ज्याने साऱ्या देशाला एक खेळ दिला त्याचा चेहरा कोणता, हे त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी घरच्या माणसांना सांगावे लागले.

आजोबांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक, पण तरुणपणाचा चेहरा कोठेच नाही. साठच्या दशकात ते गोऱ्यांच्या रोडिओंत जात. शुल्क भरून घेत, पण त्यांना रिंगणात सोडीत ते खेळ संपून प्रेक्षक घरी गेल्यावर. टेक्सासचेच मर्टिस डाइटमन १९६४ साली राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत पोहोचणारे पहिले कृष्णवर्णीय वळूस्वार ठरले. त्यांच्या काळातील अनेकांची हीच कथा आहे. "रिकाम्या बाकांसमोर मी आठ सेकंद टिकलो आहे, फादर," आजोबा म्हणाले. "पंच होते, वळू होता. फोटोवाला मात्र बाकीच्यांबरोबर निघून गेलेला." त्यांच्या वडिलांचे एकच छायाचित्र घरी आहे. मळ्याच्या मालकाचे कुटुंब पायऱ्यांवर बसले आहे आणि कडेला चौकटीत एक लगाम, एक हात आणि अर्धी टोपी आली आहे. तो हात वडिलांचा.

"आता फोटोवाले पुष्कळ येतात," ते पुढे म्हणाले. "काढून नेतात. परत काही येत नाही."

यात राग नव्हता, नोंद होती. इंग्रजीत ते 'घेऊन जातात' असे म्हणाले. आम्ही मनातल्या मनात ते मराठीत 'काढून नेतात' असे केले, आणि मग त्या 'काढणे' या क्रियापदाशी थबकलो. आपण फोटो काढतो तसे कर्जही काढतो. कर्ज काढणारा ते फेडण्याच्या बोलीवर काढतो. सारा बर्ड या लेखिकेने टेक्सासमधील कृष्णवर्णीयांचे रोडिओ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टिपले होते. त्या चित्रांचे पुस्तक निघाले ते २०२४ साली. आयव्हन मॅक्लेलन हे कृष्णवर्णीय छायाचित्रकार २०१५ साली प्रथम ओकमल्गीला गेले, वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे परतत राहिले, आणि २०२३ साली त्यांनी पोर्टलंड शहरात या स्वारांसाठी स्वतःच एक रोडिओ भरविला. फेडण्याची ही रीत आम्हांला मोठी वाटते. आमच्या शक्तीबाहेरची आहे. आमच्याजवळ एक वही होती.

आजोबांनी त्याच शांत स्वरात आणखी एक गोष्ट सांगितली, ती धर्मगुरू म्हणून आम्हांला ऐकावी लागली. त्यांच्या लहानपणी लुइझियानातील आजोळी कृष्णवर्णीयांनी चर्चमध्ये शेवटच्या बाकांवर बसायचे आणि गोऱ्यांचे झाल्यावरच ख्रिस्तशरीर घेण्यास पुढे जायचे, असा शिरस्ता होता. "प्रेक्षक घरी गेल्यावर," असे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. ते आमच्याच मनात आले.

त्या पट्ट्यातील अनेक कॅथलिक घराण्यांच्या श्रद्धेचा उगम चांगल्या गोष्टीत नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. १८३८ साली मेरीलँडमधील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानातील मळेवाल्यांना विकले. त्यातील पैसा जॉर्जटाउन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. विकले गेलेले स्त्रीपुरुष आणि बालके बाप्तिस्मा घेतलेली होती. त्यांच्यापैकी फ्रँक कॅम्पबेल नावाच्या एका माणसाचे वार्धक्यातील छायाचित्र लुइझियानातील थिबोडो येथील विद्यापीठाच्या संग्रहात सापडले आणि २०१७ साली जगापुढे आले. एका जुन्या अल्बममध्ये ते चिकटविलेले होते. पांढरी दाढी, हाती काठी. ओळख पटली, कारण अल्बममध्ये कोणीतरी त्याचे नाव लिहून ठेवले होते. आपल्याही पूर्वजांच्या काळी, पोर्तुगीज अमदानीत, आफ्रिकेतून आणलेले गुलाम या किनाऱ्यावर होते. 'काफ्री' हा शब्द आपल्या भाषेत उरला, माणसांची नावे उरली नाहीत. दूर लुइझियानाच्या नावाने खेद करताना हे ध्यानी असावे.

त्याच काळच्या दोन माणसांची छायाचित्रे आता आमच्या अभ्यासिकेत शेजारी शेजारी आहेत. दोघेही १८५४ साली गुलामीत जन्मले. एक नॅट लव्ह, टेनेसीचे. गुराखी म्हणून वीस वर्षे पश्चिमेत हिंडले आणि १९०७ साली त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यांतील सर्व पराक्रम खरे मानावेत असे इतिहासकार म्हणत नाहीत. पण छायाचित्र खरे आहे: हाती रायफल, कमरेला काडतुसांचा पट्टा, पायाशी खोगीर आणि चेहऱ्यावर कोणाचीही पर्वा नसल्याचा भाव. त्याच पुस्तकात रेल्वेच्या पुलमन डब्यातील हमालाच्या गणवेशातही ते दिसतात, कारण गुरे हाकण्याचे दिवस सरल्यावर त्यांनी ती नोकरी धरली. दुसरे फादर ऑगस्टस टोल्टन, मिसूरीचे. अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्यांना प्रवेश दिला नाही, म्हणून ते रोमला शिकले. १८८६ साली तेथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आफ्रिकेत जाण्याची त्यांची तयारी होती. रोमने त्यांना परत अमेरिकेतच पाठविले. १८९७ साली, अवघे त्रेचाळीस वर्षांचे असता, शिकागोच्या उन्हाळ्यात त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्यांना 'वंदनीय' घोषित केले. सेमिनरीत शिकत असताना आम्हांला त्यांचे नाव कोणी सांगितले नव्हते. एकाच्या डोक्यावर गुराख्याची टोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर धर्मगुरूची. डोळे दोघांचेही सरळ समोर.

त्या शनिवारनंतर आम्ही रोज रात्री चित्रे निवडीत बसलो. ब्यूमाँटमधील एका दुकानातून त्रेसष्ट चित्रे कागदावर छापून घेतली. प्रत्येकाच्या पाठीवर वहीतून नाव, स्थळ आणि तारीख उतरविली. जी नावे वहीत नव्हती ती धर्मग्रामातील स्त्रियांनी ओळखली. एकीने तर केवळ पाठमोऱ्या बुटांवरून आपला भाचा ओळखला. शेवटच्या रविवारी मिस्सा झाल्यावर सभागृहातील लांब मेजावर ती मांडून ठेवली आणि ज्याने त्याने आपापली उचलून न्यावी असे सांगितले. दहा मिनिटांत मेज रिकामे झाले. आजोबांनी मिरवणुकीतले आपले चित्र हातात धरून बराच वेळ पाहिले. स्वतःच्या चेहऱ्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. घोड्याच्या मानेवर बोट ठेवून शेजारच्या नातवाला म्हणाले, "हे बघ. लगाम इतकाच सैल सोडायचा असतो."

बाप्टिस्ट मंडळींची आणि बाहेरगावच्या स्वारांची चित्रे आम्ही वसईस परतल्यावर टपालाने पाठविली. बहुतेक पोहोचली. दोघांची उत्तरे आली; एकाने सोबत आपल्या नव्या घोड्याचे चित्र पाठविले आणि तुमच्या देशात हा केवढ्याला जाईल अशी पृच्छा केली. एक पाकीट मात्र चार महिन्यांनी, त्या पत्त्यावर कोणी राहत नाही अशा शेऱ्यासह, कोपरे मळून परत आले. त्यात मण्यांच्या वेण्या असलेली मुलगी आहे. तिचे कुटुंब ह्यूस्टनच्या बाजूस गेले, इतकेच तेथील धर्मगुरूंना कळू शकले. येत्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचे एक तरुण धर्मगुरू त्या भागात सेवेला जात आहेत, त्यांच्या सामानात ते पाकीट जाईल. मुलगी आता बरीच उंच झाली असेल, कदाचित वेण्याही नसतील. पण चित्राच्या पाठीवर घोडीचे नाव आहे, आणि रिंगणावरची माणसे घोडी विसरत नाहीत, असे आजोबांनी कळविले आहे.